पलीकडच्या खोलीतला माणूस

ताई,

मी इंडस्ट्रियल डिझायनर आहे. वय एकतीस. गेली चार वर्षं एका कंपनीच्या संशोधन गटात आहे. अजून पाच-सात वर्षांनी लोक संगणक कुठे ठेवतील, कसा धरतील, त्याच्याशी कसं बोलतील, याचे प्रोटोटाइप करणं हे माझं काम. चार वर्षांत अकरा उपकरणं केली. एकही बाजारात गेलेलं नाही.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक चष्मा केला. घालायचा, प्रश्न विचारायचा, कानाशी उत्तर ऐकू येतं. फ्रेम मी रेझिनमध्ये प्रिंट केली, तीन दिवस घासली, रंगवली. वजन ३८ ग्रॅम. आत इटुकली बॅटरी, माइक, स्पीकर आणि ब्लूटूथची चिप, बाकी काही नाही. उत्तरं पलीकडच्या खोलीत बसलेला माझा सहकारी टाइप करत होता आणि ती यंत्राच्या आवाजात चष्म्यात ऐकू येत होती.

वरिष्ठांना दाखवायच्या दिवशी आमचे प्रमुख म्हणाले, "आधीच सगळं सांगत बसू नकोस, मजा जाईल. घालून बघू देत." सगळ्यांनी घालून बघितलं. टाळ्या वाजल्या. नंतर सांगायचं राहून गेलं. आठवड्याने कळलं की प्रकल्प मंजूर झाला, चौदा महिन्यांनंतरची तारीखसुद्धा पडली. आता इंजिनिअर मला विचारतात, हे सगळं ३८ ग्रॅममध्ये बसवायचं वचन कुणी दिलं? एक जण मला 'जादूगार' म्हणतो, आणि ते कौतुकाने नाही.

मी खोटं बोललो का? आता तोंड उघडलं तर प्रमुख तोंडघशी पडतील. आणि असंही वाटतं, की जे कधी बाहेर येतच नाही ते करण्यात माझी वर्षं चालली आहेत का?

— एक अस्वस्थ मॉडेलवाला

*

मॉडेलवाल्या,

वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, चालवून घे. मीही आयुष्यभर हाच धंदा केला. लांबी भरणं, घासणं, पुन्हा लांबी भरणं. नखांच्या कडेला अडकलेली प्रायमरची पूड अजून आठवते.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. हो, खोटेपणा झाला. मोठा नाही, पण झाला. आणि तो नेमका कुठे झाला हे तुला अजून कळलेलं नाही, असं पत्रावरून दिसतं. तुला वाटतंय की माणूस लपवून बसवला हा गुन्हा. तो गुन्हा नाही. ती आपल्या कामातली जुनी आणि सरळ पद्धत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये काही संशोधकांना प्रश्न पडला होता, की बोललेलं आपोआप टाइप करणारं यंत्र निघालं तर लोक ते वापरतील का, वापरताना कशाला वैतागतील. तेव्हा तसं यंत्र नव्हतं आणि लवकर होण्यासारखंही नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या खोलीत एक टायपिस्ट बसवला. माणूस माइकमध्ये बोलायचा, टायपिस्ट टाइप करायचा, शब्द पडद्यावर उमटायचे. १९८३ साली त्यांनी ते सगळं छापलं, टायपिस्टसकट. डिझाइनवाले या पद्धतीला 'विझर्ड ऑफ ओझ' म्हणतात, हे तुला ठाऊक असेलच. त्या गोष्टीतला ओझचा जादूगार म्हणजे पडद्यामागे लपलेला साधा माणूसच असतो. तो इंजिनिअर तुला जादूगार म्हणतो ते बहुधा त्यावरूनच.

तिथे माइकसमोर बसलेल्याला टायपिस्टची कल्पना नव्हती, पण निष्कर्ष वाचणाऱ्याला होती. आता याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेव. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात, मारिया थेरेसा राणीसमोर, वोल्फगांग फॉन केंपेलेन या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं. मोठी लाकडी पेटी, तिच्यामागे पगडीवाला पुतळा. खेळ सुरू होण्याआधी तो पेटीची दारं एकेक करून उघडून दाखवायचा. आत चाकं, दाते, सगळं यंत्रासारखं. खरं तर आत एक माणूस बसलेला असायचा, सरकत्या बैठकीवर. एक दार उघडलं की तो दुसऱ्या बाजूला सरकायचा. ते यंत्र पुढे कित्येक दशकं गावोगाव फिरलं, १८०९ मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळला, आणि शेवटी १८५४ मध्ये आगीत जळालं.

आत माणूस दोन्हीकडे होता. मग फरक काय? आयबीएमच्या खोलीत जो वापरत होता त्याला माहीत नव्हतं, पण ज्याला त्यावरून काही ठरवायचं होतं त्याला माहीत होतं. व्हिएन्नात कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या डेमोला जे लोक चष्मा घालून बसले होते ते वापरणारेही होते आणि ठरवणारेही. वापरणारा म्हणून त्यांना पाच मिनिटं अंधारात ठेवलंस, ठीक. चष्मा काढून खाली ठेवला त्या क्षणी ते ठरवणारे झाले, आणि तेव्हा पलीकडच्या खोलीचं दार उघडायला हवं होतं. चूक एवढीच आहे. पाच मिनिटांची आहे, पण तिच्यावर आता चौदा महिने उभे आहेत.

केंपेलेनची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला कायम चुटपुट लावते. त्याच माणसाने कित्येक वर्षं खपून बोलणारं यंत्रही केलं होतं, आणि ते खरं होतं. भाता, पत्ती, रबराचं तोंड. हाताने दाबून-सोडून शब्द काढायचे. १७९१ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, आत सगळं कसं चालतं ते आकृत्यांसह. मनुष्याच्या आवाजाच्या अभ्यासात ते काम मोलाचं ठरलं. पण सर्वसाधारण लोकांना केंपेलेन म्हटलं की आठवते ती पेटी. खोटी गोष्ट चांगली जमली की ती खऱ्या गोष्टीला अशी खाऊन टाकते. तुझ्या त्या चष्म्यातही खरं काम आहे, त्याकडे येतेच.

आता माझी गोष्ट, म्हणजे तुला वाटायला नको की मी वरून बोलते आहे. मी तिशीत असताना एका ठिकाणी दुमडणाऱ्या पाटीसारखं एक यंत्र केलं होतं. फक्त दिसण्याचं मॉडेल. पडदा म्हणजे ॲक्रिलिकच्या मागे लावलेली छापील फिल्म, तिच्यामागे बारीक दिवे. ठेवलं तर खरंच चालू आहे असं वाटावं. पाहुण्यांपैकी एकाने ते उचललं, पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारत हातात खेळवलं आणि म्हणाला, "बॅटरी चांगली टिकते हो तुमची." सगळे हसले, कारण त्यांना वाटलं तो विनोद करतोय. तो विनोद करत नव्हता. मला कळलं होतं. मी गप्प बसले. पुढे त्याने त्याच्या वरच्यांना जे सांगितलं त्यावर आमच्या गटाचे आठ महिने गेले, आणि ज्या बिजागरीतून पडद्याची वायर जाणंच शक्य नव्हतं ती बिजागरी तीन माणसं रात्री जागून करत राहिली. त्यातल्या एकाने पुढे माझ्याशी बोलणं सोडलं. त्याचं बरोबरच होतं.

तेव्हा तुझे इंजिनिअर चिडलेत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. चिडलेत म्हणजे अजून बोलताहेत.

झालं काय ते जरा नीट बघू. आपण दोन प्रकारची मॉडेल्स करतो. एक दिसण्याचं, एक चालण्याचं. दिसण्याचं मॉडेल घासूनपुसून लख्ख असतं आणि आतून पोकळ असतं. चालण्याचं मॉडेल ब्रेडबोर्डवर, म्हणजे सर्किट जोडून बघायच्या पाटीवर, पसरलेलं, वायरींचं जंजाळ असतं, टेबलभर, पण त्यातली एखादी गोष्ट खरीच घडत असते. दोन्ही वेगवेगळी असतात ती केवळ सोयीसाठी नाही. पोकळ, लख्ख वस्तू बघून कुणी विचारत नाही की बॅटरी किती टिकते, आणि टेबलभर पसारा बघून कुणी म्हणत नाही की नाकावर छान बसलंय. बघणाऱ्याला आपोआप कळतं की आपण कशाबद्दल बोलायचं. तू दोन्ही एकात घातलंस. रूप पूर्ण झालेलं, वागणंही पूर्ण झालेलं. मग बघणाऱ्याच्या मनात उरला एकच प्रश्न: केव्हा मिळेल?

खरं सांगू, तुझ्या प्रमुखांवर माझा राग तुझ्यापेक्षा जास्त आहे. 'मजा जाईल' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय. पण त्यांनाही कदाचित तुझं काम इतकं आवडलं असेल की भान राहिलं नाही. त्यांना खलनायक करू नकोस, निदान त्यांच्याशी बोलेपर्यंत तरी.

आता काय करायचं.

आधी इंजिनिअरांकडे जा. प्रमुखांकडे नाही, वरिष्ठांकडे तर नाहीच. त्यातही जो तुला जादूगार म्हणतो त्याच्याकडे. 'माफ कर' वगैरे एका वाक्यात संपव आणि विचार: आत काय काय बसायचं आहे, आणि प्रत्येकाला सरासरी किती वीज लागते? तो आकडा तुझ्याकडे नाही, हीही तुझी चूकच. ३८ ग्रॅम हा आकडा तू वजनकाट्यावर बघितलास, पण तो कशाचा आकडा आहे हे विचारलं नाहीस. तो रेझिनचा आणि रंगाचा आकडा आहे.

साधं गणित कर, पाटीवर मावेल इतकं. समज, सगळं मिळून सरासरी ०.६ वॉट लागतात. चष्म्याच्या काडीत मावेल असा सेल १६० मिलिअँपिअर-तासांचा, ३.७ व्होल्टचा. गुणाकार केलास की येतात जेमतेम ०.६ वॉट-तास. म्हणजे चष्मा तासभर चालेल. दिवसभर, म्हणजे आठ तास चालायचा असेल तर ४.८ वॉट-तास हवेत. छोट्या लिथियम सेलकडून किलोला २०० वॉट-तास मिळतात असं धरलं तर नुसत्या सेलचं वजन झालं २४ ग्रॅम. एक साधा नंबरचा चष्मा आख्खा त्याच्या आसपास भरतो. म्हणजे तू लोकांच्या नाकावर दोन चष्मे ठेवणार आहेस, आणि अजून चिप, तिचा बोर्ड, वायरी, बिजागरीतून जाणारी पट्टी यातलं काहीच मोजलेलं नाही. तुझ्या इंजिनिअरचा खरा आकडा ०.६ पेक्षा कमी असेल किंवा जास्त. पण पद्धत हीच.

आणि उष्णता. हे आकडे कागदावर फार निरागस दिसतात. ०.६ वॉट म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण तेवढी वीज जिथे खर्च होते तिथे तिची उष्णताच होते, आणि ते ठिकाण कानशिलाला टेकलेलं आहे, तिथे पंखा नाही. तासन्‌तास कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूसाठी ४३ अंश सेल्सियस ही भाजण्याची सीमा मानतात. त्रास तर त्याच्या बराच आधी सुरू होतो. माणूस डॉक्टरकडे जाणार नाही, चष्मा काढून टेबलावर ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही.

तर पुढच्या आठवड्यात तू तीन चष्मे कर. एकही रंगवू नकोस. ही माझी अट आहे. सॅंडपेपरला हात लावलास तर मला कळवू नकोस.

पहिला, वजनाचा. इंजिनिअर जो आकडा सांगेल तो, समज ७० ग्रॅम. तुझीच फ्रेम पुन्हा प्रिंट कर, काड्या पोकळ ठेव आणि त्यात स्टीलचे बारीक छर्रे भर. छर्रे चिकटवून टाक, नाहीतर मान हलवली की खुळखुळा वाजेल. मग भार कुठे ठेवायचा ते बदलून बघ: पुढे, कानापाशी, कानामागे. तेच ७० ग्रॅम कानामागे सरकवले की नाक मोकळं होतं आणि वेगळीच वस्तू वाटते. हे तुझं काम आहे, इंजिनिअरचं नाही, आणि ते गणिताने कळत नाही, डोक्यावर घालूनच कळतं. संगणक संशोधक ॲलन के यांनी डायनाबुक या हातात धरायच्या संगणकाची कल्पना मांडली तेव्हा तसा संगणक करणं अजून कुणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि त्यात शिशाच्या गोळ्या ओतून बघितल्या, की हातात धरवेल इतकं हलकं म्हणजे किती हलकं. उत्तर आलं दोन पौंडांच्या आत. पुठ्ठा आणि शिसं, एवढ्यावर पुढच्या कित्येक वर्षांच्या कामाला एक आकडा मिळाला. तू शिसं वापरू नकोस, विषारी असतं. स्टील पुरे.

दुसरा, उष्णतेचा. हा मला फार आवडतो, कारण तो इतका कुरूप असतो की त्याच्या प्रेमात कुणी पडूच शकत नाही. काडीच्या आत, जिथे चिप येणार तिथे, २२ ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून तापणारा छोटा भाग, बसव. एक वॉटचा घे, अर्ध्या वॉटचा जळेल. त्याला ३.७ व्होल्टचा सेल जोड. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम: ०.६२ वॉट. झालं तुझं यंत्र. ते उत्तर देत नाही, ऐकत नाही, फक्त तापतं, नेमकं खरं यंत्र तापेल तितकं. सेल काडीत नको, वायर काढून खिशात ठेव, आणि तोही मोठा घे, नाहीतर तासाभरात प्रयोग संपेल. काडीच्या आतल्या बाजूला तापमान मोजणारा एक सेन्सर चिकटव आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिही. इंजिनिअरने वेगळा वॉटेज सांगितला तर रेझिस्टर बदल. हे तू त्याच्या टेबलावर, त्याच्या सोल्डरिंग आयर्नने कर. त्याला मदत मागितलीस की त्याचा निम्मा राग तिथेच उतरेल. लोकांना सल्ला विचारलेला आवडतो, माझंच बघ ना.

तिसरा, उत्तरांचा. त्याला फ्रेमही लागत नाही, कानात घालायचा साधा हेडसेट चालेल. पलीकडच्या खोलीतल्या तुझ्या सहकाऱ्याला पुन्हा बसव. या वेळी त्याला दोन नियम दे. एक, उत्तर लगेच द्यायचं नाही. खरी यंत्रणा जितका वेळ घेईल असं सॉफ्टवेअरवाले सांगतील तितकं घड्याळ लावून थांबायचं. दोन, दर दहा प्रश्नांतल्या एका प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायचं, आणि तेही ठामपणे. मग समोरच्याचा चेहरा बघ. डेमोमध्ये तुमचं यंत्र इतकं आवडलं त्याचं कारण तुझी फ्रेम नव्हती रे. एक हुशार, तुमच्या कंपनीला ओळखणारा, समोरच्याचा सूर कळणारा माणूस उत्तरं देत होता. असं यंत्र कुणाला नको?

आणि हो, या सहकाऱ्याचं काम तू पत्रात एका ओळीत उरकलंस, पण डेमोच्या दिवशी सगळ्यात जास्त कुणी शिकलं असेल तर त्याने. कुठल्या प्रश्नाला तो अडखळला? कुठलं उत्तर टाइप करताना त्याला वाटलं की हे यंत्राला सांगताच येणार नाही? किती वेळा लोकांनी प्रश्न अर्धाच विचारला आणि उरलेला हातवाऱ्यात केला, जो त्याला भिंतीपलीकडून दिसला नाही? त्याच्याबरोबर तासभर बस आणि सगळं लिहून काढ, विसरायच्या आत. दोन महिने झालेत, निम्मं विसरला असेल. तुझ्या चष्म्यातलं खरं काम म्हणाले ते हेच. तुला वाटेल, हे माझं काम नाही, मी आकार देणारा माणूस. डिझायनर बिल मॉग्रिज यांनाही आधी तसंच वाटायचं. ग्रिड कंपास हा १९८२ साली बाजारात आलेला मिटणारा लॅपटॉप, त्याचं रूप त्यांचं. चालता प्रोटोटाइप घरी नेला, आकाराचं कौतुक थोडा वेळ टिकलं, आणि मग ते पडद्यावर जे चाललं होतं त्यातच गुंतून गेले. कवच विसरूनच गेले. पुढे त्यांनी बिल व्हरप्लँक यांच्याबरोबर त्या दुसऱ्या कामाला 'इंटरॅक्शन डिझाइन' हे नाव दिलं आणि तोच त्यांचा विषय झाला.

हे तीन चष्मे हातात आले की मग प्रमुखांकडे जा. रिकाम्या हाताने, नुसता कबुलीजबाब घेऊन गेलास तर ते घाबरतील आणि म्हणतील, थांबू या थोडं. थांबू नकोस. बरोबर एक पान ने. पानावर तीन रकाने: डेमोमध्ये खरं काय होतं, नाटक काय होतं, आणि आम्हाला अजून माहीत नाही असं काय. पहिल्या रकान्यात येईल फ्रेमचा आकार, नाकावरचा बसाव, आवाज कानाशी ऐकू येणं. दुसऱ्यात उत्तरं, उत्तरांचा वेग, वजन. तिसरा रकाना बहुतेक सगळ्यात लांब होईल. तो लपवायचा नाही. आणि वाक्य असं काहीतरी म्हण: "सर, डेमोनंतर आपलं एक सांगायचं राहिलं. ते आपणच सांगितलं तर बरं दिसेल. चौदा महिन्यांच्या ऐवजी काय शक्य आहे ते ठरवायला मी हे आणलंय." 'आपलं' म्हण, 'तुमचं' नको, आणि 'माझं' तर मुळीच नको. उगाच सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन हुतात्मा होण्यात अर्थ नाही. त्याने कुणाचंच वजन कमी होत नाही, चष्म्याचंही नाही.

वरिष्ठांसमोर मात्र पान आधी नको. आधी ७० ग्रॅमचा चष्मा. सकाळी द्या आणि सांगा, संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. पान संध्याकाळी.

त्यांना राग येईल का? एकदोघांना येईल. पण मोठ्या पदावरची माणसं आपल्याला वाटतात तितकी नाजूक नसतात. आज काही आठवड्यांचाच खर्च झालाय आणि दिशा बदलता येते. सात महिन्यांनी हेच कळलं तर मग राग येईल, आणि तो इंजिनिअरांवर निघेल, तुझ्यावर नाही. ते तुला जास्त जड जाईल. आणि तुझे प्रमुख म्हणाले, की गप्प बस, कुणाला काही सांगायचं नाही? मग तू ते पान त्यांना ईमेलने पाठव, एक प्रत स्वतःकडे ठेव, आणि दुसरी नोकरी बघायला लाग. यावर माझं मत पक्कं आहे, त्यामुळे लांबण लावत नाही.

यापुढची एक सवय सांगते, मी त्या बॅटरीवाल्या पाहुण्यानंतर लावून घेतली. मॉडेल कितीही देखणं असो, पाठीवर एक चिठ्ठी असते: हे कशासाठी केलं आणि यातलं खोटं काय. 'आकार व पकड. पडदा छापील. वजन खरं नाही.' फोटो काढतानासुद्धा चिठ्ठी काढायची नाही, कारण फोटो माणसांपेक्षा लांब जातात. सुरुवातीला लोक हसले. नंतर तेच आधी मॉडेल उलटं करून चिठ्ठी वाचायला लागले.

आता अकरा उपकरणांचं. तू त्यांच्याकडे अकरा न जन्मलेल्या वस्तू म्हणून बघतोयस, म्हणून दुःख होतं. ज्यांच्या वस्तू जन्मल्या त्यांच्या टेबलाखाली काय होतं ते बघ. पाम पायलट हा खिशातला छोटा संगणक १९९६ साली आला, पण त्याआधी तो घडवणारे जेफ हॉकिन्स खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन फिरत. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं. लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. तो ठोकळाही बाजारात गेला नाही. पण खिशात मावलं पाहिजे ही गोष्ट त्या ठोकळ्याने ठरवली. आयबीएमच्या थिंकपॅड ७०१चा कीबोर्ड झाकण उघडलं की फुलपाखरासारखा दोन्ही बाजूंना पसरायचा, हे १९९५ मधलं. जॉन करिडिस यांनी आधी कीबोर्डची झेरॉक्स काढली, कात्रीने कापली आणि तुकडे एकमेकांवर सरकवून बघितले. मला त्या मशीनपेक्षा तो कागद बघायला आवडला असता. आणि अ‍ॅपलचा पहिला माउस करणाऱ्या डीन होवी यांनी सुरुवातीचा एक नमुना रोल-ऑन डिओडरंटच्या गोळीवर लोण्याच्या डबीचं झाकण ठेवून केला. मार्क वायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात तळहाताएवढे, वहीएवढे आणि भिंतीएवढे संगणक करून प्रत्यक्ष वापरून बघितले. १९९१ मध्ये त्याबद्दल लेख आला, तेव्हा सर्वसामान्यांच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. आज तुझ्या खिशात, पिशवीत आणि मीटिंगच्या खोलीत तिन्ही आहेत.

पण थांब, हा दिलासा मी फुकट देत नाही. जे ठोकळे पुढे कामी आले ते काहीतरी विचारत होते. तुझ्या अकरांतले किती विचारत होते? कपाट उघड, एकेक बाहेर काढ आणि प्रत्येकासाठी एक ओळ लिही: हे करण्याआधी आम्हाला काय माहीत नव्हतं आणि केल्यावर काय कळलं. 'बोटाने फिरवायची कडा हातमोजे घातल्यावर सापडत नाही, म्हणून सोडली.' अशा ओळी. माझा अंदाज, अकरांतल्या सहा-सातांना ओळ मिळेल. उरलेल्यांना मिळणार नाही. ती फक्त सुंदर असतील. तशी माझ्याकडेही पुष्कळ आहेत. एकदोन अजून टेबलावर आहेत, पेपरवेट म्हणून बरी पडतात.

त्या सहा-सात ओळी म्हणजे तुझी चार वर्षं. नोकरीसाठी कुठे दाखवायला गेलास तर फोटो दाखवता येणार नाहीत, करार आडवा येतो, माहीत आहे. पण 'आम्हाला हे माहीत नव्हतं, मी असं करून बघितलं, त्यामुळे हा निर्णय बदलला' हे उपकरणाचं नाव न घेता पुष्कळदा सांगता येतं. काय सांगता येईल ते तुमच्या विधी विभागाला आधी विचारून घे. मी माणसं निवडायला बसायची तेव्हा चकाचक चित्रांपेक्षा हे ऐकायला कान टवकारायचे. मात्र कपाट धुंडाळून एकही ओळ सापडली नाही, किंवा सापडल्या पण एकाही ओळीने कुणाचा काही निर्णय बदलला नाही, तर तुझी शंका खरी आहे आणि तुझ्या गटाला डिझायनर नको, सजावट हवी आहे. मग निघ तिथून. तुझे हात चांगले आहेत, तीन दिवस घासणारा माणूस सहज मिळत नाही.

तो उष्णतेचा चष्मा कुणाला घालायला देण्याआधी स्वतःच्या मनगटावर अर्धा तास बांधून बघ आणि सेन्सरवर नजर ठेव. सेलच्या वायरवर एक फ्यूज लाव. आणि तो आकडा किती आला ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

— तुझी ताई